बैठक

पाना खाली ठेव, तावेत.
आत फिरतोय म्हणजे बसतोय असं नव्हे.

वल्गात नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
अर्ध्या शटरखालून थंडी पायांत शिरते.
चार गल्ल्या ओलांडल्या की लॅटव्हिया,
आणि तिकडूनच, रीगाच्या कुणा माणसाकडून,
तू ही चाकं आणलीस,
काळी, पाच आऱ्यांची, देखणी.
बोल्ट मात्र जुनेच. लोखंडी चाकांचे.

"चौदाचा बोल्ट, दीडचे आटे. तेच आहेत की, हेल्यू!"

आहेत ना. आटे जुळतात.
आता मान बघ, डोक्याखालची.
तुझ्या बोल्टची गोल, वाटाण्यासारखी.
नव्या चाकाचं भोक निमुळतं, नरसाळ्यासारखं.
नरसाळ्यात वाटाणा टाक.
टेकतो. पण एका रेघेवर, केसाएवढ्या.
त्या रेघेवर तू, तुझी गाडी,
मागच्या सीटला बांधलेली पोरीची खुर्ची,
आणि एल्वाच्या वळणावर जमलेलं बर्फ.

पटत नसेल तर थांब.
मानेला निळा रंग फासते, हातानं फिरवते, काढते.
धर उजेडात.
भोकात निळी रेघ. नखानं पुसली जाईल.
आता हा शंकूच्या मानेचा:
निळा पट्टा, करंगळीच्या नखाएवढा, सगळीकडून सारखा.
याला बसणं म्हणतात.

आणि लांबी. नव्या चाकाची पाटी जाड आहे,
जुना बोल्ट तिच्यातच अर्धा संपतो.
बाबांना मोजपट्टी कधी वेळेवर सापडली नाही.
ते फेरे मोजायचे, हातानं, पान्याशिवाय, ओठ मिटून.
नऊच्या आसपास भरले तर बरं.
पाचातच थांबला तर आखूड.
आणि फार लांब असेल तर पलीकडून बाहेर निघतो,
ब्रेकच्या पोटात घुसतो,
मग चाक फिरवलं की आतून खट, खट.
मोजताना त्यांना हाक मारली की पहिल्यापासून सुरू.
आम्ही मुद्दाम मारायचो.

भिंतीवरचं चाक? ते माझं.
म्हणजे बेकरीच्या गाडीचं, पण चूक माझी.
शुक्रवार होता, त्यांना लग्नाचा केक पोचवायचा होता,
मी म्हटलं, फिरतोय ना, जाऊ दे.
त्यांच्याच चाकानं त्यांना डावीकडून मागं टाकलं
आणि मोहरीच्या शेतात निघून गेलं.
केक वाचला. माणसंही.
चाक मे महिन्यात सापडलं.
जवळ जाऊन बघ, पाचही भोकं
अंड्यासारखी झालीत.

हे घे, शंकूचे, बरोबर लांबीचे. मोज.
मीही मोजते.
एकोणीस.

पुन्हा मोजले. डबा उलटा केला,
बाकाखाली टॉर्च मारला,
एक वॉशर आणि मेलेली माशी.
"एकोणीस पुष्कळ झाले," तू म्हणालास,
"एक जुना लावू, तार्तू काही लांब नाही."

मी भिंतीकडे बघितलं नाही.
तूच बघितलंस.
मग बाहेर जाऊन फोन केलास,
काचेतून दिसत होतं, कुणीतरी लहान
तिकडून बरंच काही विचारतंय,
आणि तू चार वेळा म्हणालास, उद्या.

सोफ्यावर झोपलास, बूट न काढता.
सकाळी झिग्मार्स सायकलवरून आला,
कोटाच्या खिशात विसावा बोल्ट,
खिशाच्या उबेनं कोमट.

एक, तीन, पाच, दोन, चार.
समोरासमोर, चांदणी काढल्यासारखं.
एकशेवीसला पाना टक्क करतो,
त्यापुढे जोर लावायचा नाही,
पुरुषांना हे सांगावं लागतं.
पाना तुझ्याकडेच राहू दे,
पन्नास किलोमीटर झाले की थांब, पुन्हा लाव.

दहाला फोन वाजला. पेट्रोल पंपावरून.
"एकोणीस जागचे हलले नाहीत.
एक मात्र फिरला, टक्क व्हायच्या आधी."
किती?
"जरासा."
कुठला?
"तो सकाळचा."

मी चहात साखर टाकली.
म्हटलं, बसतोय तो. जा.